संगणकाच्या स्मृतीची परीक्षा

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानाला उभे राहावे आणि विषय मात्र संगणकाच्या स्मृतीचा घ्यावा, हे पाहून पुष्कळांना नवल वाटेल. मजुरी, बोनस, महागाई हे आमचे नेहमीचे विषय. शाळा आम्ही लवकर सोडली आणि जे थोडेफार शिकलो ते कचेरीतल्या कंदिलाखाली, पुढे बल्बाखाली, पुस्तके चाळून शिकलो. तेव्हा संगणकशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु आमच्या युनियनच्या कचेरीत एक प्रसंग घडला, त्यात एका निरपराध मुलीवर आमच्याच हातून आळ घेतला गेला, आणि तो आळ दूर करण्यासाठी आम्हाला हे शास्त्र मुळापासून समजून घ्यावे लागले. ते आपल्यापुढे मांडतो.

आमच्या कचेरीत विडी कामगार बायकांच्या याद्या ठेवाव्या लागतात. नाव, नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, बँकेचे खाते. नगर शहरात काय किंवा तिकडे संगमनेरात काय, विडी वळणाऱ्या बाईची सगळी उमेद त्या क्रमांकावर असते. हजार विड्यांमागे जी मजुरी मिळते, तिच्यातून कापली गेलेली रक्कम म्हातारपणी हाती येईल या भरवशावर ती बसलेली असते. नावातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले की अर्ज परत येतो, आणि मग बाई कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहते.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात असे काही अर्ज परत आले. पाहतो तो आमच्याच यादीत ‘काळे’ यांचे ‘गाळे’ झालेले, ‘तांबे’ यांचे ‘दांबे’ झालेले, ‘थोरात’ यांचे ‘धोरात’. एका क्रमांकात ४ च्या जागी ६ पडलेला. यादी टंकित करणारी मुलगी वर्षभरापूर्वीच लागलेली. तिने शपथेवर सांगितले की, मी बरोबर लिहिले होते. आम्ही कीबोर्ड पुढे ओढला. मराठीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘क’ च्या बरोबर वरच्या कळीवर ‘ग’ आहे आणि ‘त’ च्या वरच्या कळीवर ‘द’. बोट घसरले असणार, हे उघडच दिसत होते. “पोरी, लक्ष देऊन काम करीत जा,” असे आम्ही चार माणसांसमोर बोललो. ती काही बोलली नाही. मान खाली घालून बसली. दुसऱ्यांच्या मालकांनी असे केले असते तर आम्ही चौकशीची मागणी केली असती. आपल्या कचेरीत मात्र चौकशीवाचून निकाल दिला.

पुढे महिन्याभरात संगणकच अडू लागला. मधूनच पडदा निळा होई, मधूनच आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होई. कोणी म्हणाले, ऑपरेटिंग सिस्टीम बिघडली आहे, नव्याने टाका. उबुंटू नावाची सिस्टीम फुकट मिळते, म्हणून ती पेनड्राइव्हवर घेतली आणि टाकायला बसलो. पहिल्या खेपेस निम्म्यावर येऊन थांबली आणि फाइल खराब असल्याचा संदेश आला. दुसऱ्या खेपेस सुरुवातीलाच थांबली. तिसऱ्या खेपेस जवळजवळ शेवटपर्यंत गेली आणि मग पडदा काळा झाला. दुकानदाराने सांगितले की हार्ड डिस्क गेली. सुमारे अडीच हजार रुपये वर्गणीच्या पैशातून खर्चून नवी डिस्क बसविली. रोग तसाच राहिला.

तेव्हा आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा, तंत्रनिकेतनात शिकणारा, संध्याकाळी येऊन बसला. त्याने प्रथम काहीच उघडले नाही. त्याने विचारले, “काका, दर वेळी एकाच ठिकाणी थांबते, की निरनिराळ्या ठिकाणी?” हा प्रश्नच सगळ्या परीक्षेची किल्ली आहे. तो नीट समजण्यासाठी संगणकाची स्मृती म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

संगणकात माल ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक हार्ड डिस्क, हे गोदाम. वीज गेली तरी तेथला माल जागच्या जागी राहतो. दुसरी रॅम, हा कारखान्यातला कामाचा ओटा. गोदामातला माल प्रथम ओट्यावर येतो, तेथेच त्याच्यावर काम होते आणि मग तो परत गोदामात जातो. वीज गेली की ओटा रिकामा. आपण टंकलेले प्रत्येक अक्षर, उघडलेले प्रत्येक कागदपत्र या ओट्यावरून जाते. तेव्हा ओट्याला भोक असेल, तर गोदाम कितीही भक्कम असले तरी माल खराबच भरला जाणार.

हा ओटा अगणित खणांचा बनलेला असतो. प्रत्येक खणात ० किंवा १ यांपैकी एकच गोष्ट राहते. तिला बिट म्हणतात. असा एक खण म्हणजे विजेचा अतिसूक्ष्म साठा आणि त्याच्या तोंडाशी एक सूक्ष्म कळ. साठ्यात वीज असली तर १, नसली तर ०. ही रचना अमेरिकेतील आयबीएम कंपनीतले रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. तिच्यात एक अडचण आहे. गळक्या माठातल्या पाण्याप्रमाणे ही वीज सतत झिरपत असते. म्हणून प्रत्येक खण साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, पुन्हा वाचून भरावा लागतो. आता ८ जीबीची रॅम घेतली, तर तिच्यात असे खण किती? सुमारे ६,८७२ कोटी. एवढ्यांपैकी एखादा खण कारखान्यातून निघतानाच कच्चा असावा, किंवा उष्णतेने, विजेच्या चढउताराने, वयोमानाने निकामी व्हावा, यात आश्चर्य ते काय?

आपल्या महाराष्ट्रात संगणकाची स्मृती प्रथम कशी होती, हेही येथे सांगण्याजोगे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा संगणक देशातच बांधला गेला आणि १९६० साली तो कामाला लागला. १९६२ साली त्याचे नामकरण पंडित नेहरूंनी केले. तेच नेहरू, जे १९४२ ते १९४५ या काळात आपल्या नगरच्या किल्ल्यात बंदिवासात होते. टिफ्रॅकची स्मृती तारांत ओवलेल्या फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कडे या दिशेने चुंबकित झाले तर ०, त्या दिशेने झाले तर १. त्याची एकूण स्मृती २,०४८ शब्दांची, आणि शब्द ४० बिटांचा. म्हणजे सारे मिळून ८१,९२० खण. आज खिशातल्या मोबाइलची स्मृती त्याच्या लाखो पट आहे. खण वाढले तसे त्यांच्यावर नजर ठेवण्याचे कामही वाढले.

आता ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना काय घडते ते पाहू. पेनड्राइव्हवर ती सिस्टीम घट्ट बांधलेल्या गाठोड्यांच्या रूपात असते. एकेक गाठोडे ओट्यावर येते, तेथे सुटते, आतला माल मोजला जातो आणि मग डिस्कवर रचला जातो. प्रत्येक गाठोड्याबरोबर एक पडताळ्याचा आकडा असतो. आतल्या सगळ्या बिटांवरून हिशेब करून तो काढलेला असतो. एक बिट जरी बदलला तरी आकडा जुळत नाही, आणि यंत्र म्हणते की फाइल खराब आहे. रोजच्या कामात पत्र लिहिताना रॅमचा थोडाच भाग वापरला जातो, आणि एक अक्षर बदलले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सिस्टीम टाकताना मात्र ओट्याचा पुष्कळ भाग वापरला जातो आणि प्रत्येक नगाचा हिशेब तपासला जातो. म्हणूनच महिनोन् महिने लपलेला स्मृतीचा दोष नेमका या वेळी उघडा पडतो. लोक समजतात, नवी सिस्टीम वाईट. वस्तुतः तिने जुनी खोट दाखवून दिलेली असते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. पेनड्राइव्ह खराब असेल, तर त्यावरचे ठरावीक गाठोडेच खराब असते. म्हणून सिस्टीम बहुधा दर वेळी त्याच ठिकाणी थांबते. डिस्कचा एखादा भाग गेला असेल तरी बहुधा तसेच. परंतु स्मृतीचा खण कच्चा असेल, तर कोणत्या खेपेस कोणता माल त्या खणात येईल याचा नेम नाही. म्हणून बिघाड दर वेळी निराळ्या ठिकाणी, निराळ्या संदेशाने होतो. आमचा बिघाड फिरता होता. हा पुरावा नव्हे, पण मोठा संशय. त्याने तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला. तेथे सिस्टीम निर्वेध बसली. डिस्क तर नवीच होती. संशयित एकच उरला.

स्मृती तपासण्याची रीत आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही ऊस उत्पादकाला चटकन समजेल. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात ऊस आणि वजनकाटा यांची चर्चा घरोघर आहे. काट्यात खोट आहे की नाही, हे उसाची गाडी घालून कळत नाही, कारण गाडीचे खरे वजनच आपल्याला ठाऊक नसते. त्यासाठी वजन माहीत असलेले प्रमाणित माप काट्यावर ठेवावे आणि काटा तेवढेच दाखवितो का, ते पाहावे. स्मृतीचेही तसेच. आपल्याला माहीत असलेला मजकूर प्रत्येक खणात लिहावयाचा आणि परत वाचावयाचा. जो लिहिला तोच वाचता आला तर खण खरा. न आला तर खोटा.

हे काम करणारा ‘मेमटेस्ट८६+’ नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो. तो पेनड्राइव्हवर घालून संगणक त्याच्यावरूनच सुरू करावा लागतो. दुसरी कोणतीही सिस्टीम मध्ये नसते, कारण ज्या ओट्याची तपासणी करावयाची तो शक्य तितका मोकळा हवा. हा कार्यक्रम प्रथम सर्व खणांत ० भरतो आणि वाचतो. मग सर्वत्र १ भरतो आणि वाचतो. मग ०१०१ अशी एकाआड एक रांग, मग तिची उलट. खालून वर आणि वरून खाली. शेवटी स्वैर आकडे. इतके प्रकार कशाला? काही खण कायमचे ० वर किंवा १ वर अडकलेले असतात. ते साध्या परीक्षेत सापडतात. पण काही खण एरवी नीट वागतात आणि शेजारच्या खणात लिहिले की बिघडतात. चाळीत एका खोलीतले पाणी भिंतीतून शेजारच्या खोलीत उतरते, तशातला प्रकार. त्यांना पकडण्यासाठी निरनिराळे नमुने घ्यावे लागतात. एक पूर्ण फेरी व्हायला यंत्राच्या वेगाप्रमाणे तास-दोन तास लागतात. घाई करू नये. रात्रभर चालू ठेवावे, कारण काही दोष यंत्र तापल्यावरच दिसतात. विंडोज वापरणारांसाठी त्या सिस्टीमबरोबरही स्मृती तपासण्याचे एक साधन येते. प्राथमिक परीक्षेला ते ठीक आहे. निकालाचा नियम मात्र सर्वत्र एकच: चूक एकही चालत नाही. कोट्यवधी खणांत एकच तर चुकला, असे म्हणून सोडून देता येत नाही. तो एक खण कोणाच्या नावावर पडेल हे कोण सांगणार?

आम्ही रात्री परीक्षा लावली. थोड्याच वेळात पडद्यावर तांबड्या ओळी उमटू लागल्या. प्रत्येक ओळीत खणाचा पत्ता, काय लिहिले होते आणि काय वाचले गेले, हे दिलेले. लिहिले होते ते सगळे शून्यच. वाचले गेले त्यात शून्यांच्या रांगेत एकाच जागी २ आलेला. पत्ते निरनिराळे, पण २ ची जागा तीच. याचा अर्थ, त्या रांगेतला दोन किमतीचा बिट १ वर अडकला होता.

तो मुलगा ओळी पाहता पाहता थांबला आणि म्हणाला, “काका, ती नावांची यादी आणा.” आता येथे थोडा हिशेब आहे, पण सोपा आहे. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि देवनागरी व्यंजनांचे क्रमांक आपल्या वर्णमालेच्याच क्रमाने लावलेले आहेत. क, ख, ग. म्हणजे ‘क’ च्या क्रमांकात २ मिळविले की ‘ग’. त, थ, द. ‘त’ मध्ये २ मिळविले की ‘द’. थ, द, ध. ‘थ’ मध्ये २ मिळविले की ‘ध’. आणि इंग्रजी आकड्यांत टंकलेल्या ४ मध्ये २ मिळविले की ६. काळे, तांबे, थोरात आणि तो क्रमांक, चारही चुका एकाच कुळातल्या निघाल्या. बोट घसरल्याने ‘क’ चा ‘ग’ होईल. पण ४ चा ६ होणार नाही, कारण मध्ये ५ ची कळ आहे. ही गोष्ट आमच्यासमोर पहिल्या दिवसापासून होती. आम्ही ती पाहिली नाही, कारण दोषी कोण हे आम्ही आधीच ठरविले होते.

दोष सापडला, तरी तो कशात आहे हे पक्के करणे बाकी होते. संगणकात ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. येथून पुढची रीत कोणालाही करता येण्याजोगी आहे, म्हणून क्रमवार सांगतो. प्रथम संगणक बंद करून विजेची वायर भिंतीतून काढावी. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून अलगद काढावी. तिच्या सोनेरी दातांवर धूळ किंवा मळ असेल तर मऊ खोडरबराने हलके पुसून, कण झाडून ती पुन्हा घट्ट बसवावी. कित्येकदा रोग एवढ्यानेच जातो, कारण पट्टी सैल बसलेली असते. न गेल्यास एकच पट्टी ठेवून परीक्षा घ्यावी, मग ती काढून दुसरी. एका पट्टीवर चुका आल्या, तर ती दुसऱ्या खाचेत घालून पाहावी. चुका पट्टीबरोबर फिरल्या तर दोष पट्टीचा. चुका खाचेतच राहिल्या, कोणतीही पट्टी घातली तरी आल्या, तर दोष मदरबोर्डाचा. सगळ्या पट्ट्या सगळ्या खाचांत चुकल्या, तर वीजपुरवठा, प्रोसेसर किंवा स्मृतीचा वेग वाजवीपेक्षा जास्त ठेवलेला आहे का, हे पाहावे. आणि एकेकटी पट्टी नीट चालून दोन्ही मिळून चुकल्या, तर त्यांचे एकमेकींशी जमत नाही असे समजावे. अशा वेळी एकाच जातीची जोडी घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या सगळ्यातला मुख्य नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही.

आमच्याकडे चुका एका पट्टीबरोबर फिरल्या. ती काढून टाकली, उरलेल्या पट्टीवर रात्रभर परीक्षा निर्दोष झाली आणि सकाळी तीच सिस्टीम, त्याच पेनड्राइव्हवरून, पहिल्या दमात बसली. अडीच हजारांची डिस्क विकारण घेतली होती, हेही सिद्ध झाले.

असे केवळ आमच्याकडेच घडते असे नाही. २००३ साली बेल्जियममधील स्खारबेक येथे निवडणुकीच्या मोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त पडलेली आढळली. शक्य होती त्याहून मते जास्त, म्हणून संशय आला आणि फेरमोजणी झाली. ४,०९६ म्हणजे २ ला २ ने बारा वेळा गुणल्यावर येणारी संख्या नव्हे, तर बारा वेळा २ घेऊन केलेला गुणाकार. अर्थात एकाच बिटाची किंमत. तेथे पट्टी खराब नव्हती, तर अवकाशातून येणाऱ्या एखाद्या किरणाने तो बिट उलटला असावा, असा तर्क केला गेला. २००९ साली गूगलच्या संगणकांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाकाठी सुमारे ८ टक्के पट्ट्यांत निदान एक तरी चूक आढळली होती. तथापि तेथे चुका लगेच सुधारल्या जात होत्या, कारण तसल्या मोठ्या यंत्रांत जादा बिट ठेवून चूक ओळखणारी आणि दुरुस्त करणारी स्मृती असते. तिच्यामागची विद्या अमेरिकेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केली. आपल्या घरातल्या व कचेरीतल्या साध्या संगणकांत बहुधा ही सोय नसते. ज्या कचेरीत लोकांच्या पैशांचा हिशेब राहतो, तेथे ती असावी, असे आमचे मत झाले आहे.

एक गोष्ट राहिली. पट्टी बदलली म्हणजे झाले, असे कोणी समजू नये. जी अक्षरे बदलून डिस्कवर गेली, ती नवी पट्टी घातल्याने परत येत नाहीत. आम्ही सबंध यादी कागदी ओळखपत्रांशी एकेक ओळ ताडून पाहिली. त्याला तीन आठवडे लागले, आणि आणखी काही नावे दुरुस्त झाली. मूळ कागद जपून ठेवले नसते, तर कोणत्या नावावर विश्वास ठेवावा हे आम्हाला कळले नसते. म्हणून संगणक घ्या, अवश्य घ्या. पण मूळ कागद फेकू नका, आणि यादीची निराळी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

त्या मुलीची क्षमा आम्ही चार माणसांसमोरच मागितली, कारण आळही चार माणसांसमोरच घेतला होता. ती म्हणाली, “भाऊ, मी तेव्हाच सांगत होते.” खरे आहे, ती सांगत होती. आता कचेरीत यादीत चूक निघाली, की प्रथम मेमटेस्टचा पेनड्राइव्ह काढला जातो आणि तो लावण्याचे काम तिच्याकडेच आहे. आपणापैकी कित्येकांच्या दुकानात, शाळेत, पतसंस्थेत संगणक आहेत आणि त्यांच्यापुढे बसणारी अशीच तरुण मुलेमुली आहेत. हिशेब चुकला तर त्यांना विचारा, जरूर विचारा. परंतु त्याआधी एक रात्र यंत्राला विचारून पाहा.